डोंगरातल्या जंगलात पूर आला किंवा दरड कोसळली, की वनस्पतींची विविधता घटते की वाढते?

दोन्ही होतं, पण एकाच जागी नाही. आणि नुसत्या जाती मोजल्या तर हमखास फसायला होतं. मी पुण्यात राहतो आणि बरीच वर्षं पावसाळा सरला की भीमाशंकर-आहुपे भागात झाडं बघत हिंडतो, त्यामुळे उत्तर मुख्यतः सह्याद्रीचंच देतो.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. त्यापुढे झाडांचं बोलायला जीभ रेटत नाही, पण तुमचा प्रश्न झाडांचा आहे. आपल्याकडे काळ्या कातळावर मुरूम आणि मातीचा थर बसलेला असतो. सलग मुसळधार पावसात पाणी या थरात मुरतं, माती जड होते, कातळावरची तिची पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. झाडांबरोबर मातीत पडून असलेलं बी, मुळं, बुंधे, बुरशी सगळं जातं. तोडलेलं जंगल खोडापासून पुन्हा फुटतं. जांभूळ, अंजन असे फुटलेले कुठेही दिसतील. दरड जिथून सुटते तिथे फुटायला मागे काही उरलेलंच नसतं. तोड आणि दरड यांत फरक करायचा तो इथे.

दरडीचा वणही सगळीकडे सारखा नसतो. वरच्या उघड्या कातळावर शेवाळ आणि थोडं गवत, बस्स. तिथे माती साठायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. खाली जिथे ढिगारा साचतो तिथे मात्र माती खोल असते, वरून आलेली मुळं कधी कधी धरतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात हिरवं दिसू लागतं. मग पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून घोळ (भाजीची घोळ नव्हे, झाड) येतो, चांदाडा येतो (छत्रीसारखं पान, देठ पानाच्या कडेला नाही तर आत जोडलेला). अंजन-जांभळाच्या गर्द सावलीत ही उन्हाची झाडं कधीच वाढली नसती. म्हणून अख्ख्या डोंगराचा हिशेब केला तर छोट्या दरडीनंतर जाती वाढलेल्या दिसतात. मधूनमधून, माफक प्रमाणात मोडतोड होते तिथे विविधता सर्वाधिक असते, ही कल्पना परिसंस्थांचे अभ्यासक जोसेफ कॉनेल यांनी १९७८ साली मांडली ती हीच.

पण याला एक अट आहे, आणि ती फार कमी लोक सांगतात: शेजारी जुनं जंगल उभं हवं. जांभळाची, हिरड्याची जड फळं वाऱ्यावर येत नाहीत. धनेश, उदमांजर, वटवाघूळ यांनी ती आणावी लागतात. आहुप्याच्या देवराईसारखं रान जवळ असेल तर वण हळूहळू भरतो. आजूबाजूचा डोंगर आधीच विरळ झालेला असेल तर तिथे रानमोडी आणि घाणेरी ही परदेशी तणं शिरतात. यादीत जाती वाढलेल्याच दिसतात, जंगल मात्र गेलेलं असतं.

पुराचं थोडक्यात सांगतो. ओढ्याकाठचा वाळुंज, करंज पूर सोसतात. करंजाच्या शेंगा तर पाण्यावर तरंगत खाली जातात. काठ खरवडून नेणारा लोंढा मात्र मोठी झाडंही उपटतो आणि मागे उघडे गोटे ठेवतो.

मला सर्वात जास्त काळजी कड्यांवरच्या झाडांची वाटते. शिंदळ माकुडी घ्या. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, तांबूस चांदणीसारखं फूल, जगात फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर. शिवनेरीवर आहे. कड्याचा एक तुकडा कोसळला तर तिथली सगळी झाडं एकदम जाऊ शकतात, आणि बी यायला शेजारी त्याच जातीचं दुसरं झाड बहुधा नसतं.

हिमालयात दरडीवर उतीस नावाचं झाड उगवतं आणि मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीने मातीत नत्र भरतं, तसं जमीन तयार करणारं झाड इथे लावावं असं अनेकांना वाटतं. मग गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं जातं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर त्याने काय केलंय ते कोथरूडकरांनी जाऊन बघावं: खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. माझ्या मते वणाच्या कडेचं जुनं रान राखावं, गुरं आणि वणवा दूर ठेवावा आणि रानमोडी फुलण्याआधी उपटावी.

तुम्ही स्वतः पाहणार असाल तर ऑक्टोबरात जा, वणाच्या कडेने चाला, आणि जंगलाच्या काठापासून किती पावलांपर्यंत जांभळाची रोपं सापडतात ते मोजून लिहून ठेवा. दर वर्षी तीच जागा. उतारावर मधोमध मात्र जाऊ नका, माती अजून सैल असते.