आधी ती मूळ चाकं माळ्यावर नीट ठेवा

तुमची पोस्ट वाचताना मला दोनदा वर जाऊन नाव बघावं लागलं, मीच कधी लिहून विसरलो नाही ना म्हणून. सासऱ्यांकडून आलेली जुनी छोटी हॅचबॅक, महिन्याभरात विकून टाकायची असं ठरलेलं, आणि आता दोन महिने झाले तरी घरातली नवी मोठी गाडी सोडून हात आपोआप हिच्याच चावीकडे जातोय. मित्र हसतायत. माझंही डिट्टो हेच, फक्त माझी मावशीची होती.

तुमचा प्रश्न असा की १४ इंची लोखंडी चाकं काढून १६ इंची अलॉय, रुंद टायर आणि लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे) टाकले तर मजा अजून वाढेल का. आणि खाली जाता जाता लिहिलंय की स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढतं. पहिल्याचं उत्तर : नका करू. नुसतं नका म्हणून कोणी ऐकत नाही, मलाही दोघांनी सांगितलं होतं आणि मी त्यांना म्हातारे समजलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक पॅड वगैरे बघितलंच असेल, त्यात जात नाही.

ही गाडी तुम्हाला का आवडतेय ते आधी समजून घ्या, नाहीतर जे आवडतंय तेच काढून टाकाल. वजन कमी, टायर अरुंद, टायरची भिंत (बाजूचं उभं रबर) उंच. बस एवढंच. अरुंद टायर असला की त्याची पकड कुठे संपते ते मध्यम स्पीडलाच कळतं, आणि तो एकदम सुटत नाही, आधी हळूहळू कुरकुरतो, स्टिअरिंग हलकं पडत जातं, तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. मोठ्या जड गाडीत रुंद टायर असतात, ती पकड सोडेपर्यंत तुम्ही इतक्या स्पीडला पोचलेले असता की तिथे मजा नाही, नुसती भीती. म्हणून ऐंशीच्या स्पीडला ही छोटी गाडी जिवंत वाटते आणि ती मोठी झोपलेली.

हे मी मनचं सांगत नाहीये. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ आणली, दोनशे हॉर्सपॉवरची मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार, आणि टायर कुठले दिले तर त्यांच्याच काटकसरी हायब्रिड प्रियसच्या काही मॉडेलला येतात त्या साइझचे, २१५/४५ आर१७ (म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंत त्या रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). लोक हसले. पण ते मुद्दाम होतं, पकड कमी ठेवली की गाडीचा तोल माणसाला कमी स्पीडला अनुभवता येतो. १९८९ च्या पहिल्या माझदा एमएक्स-५ ला, त्या छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला, तर १८५/६० आर१४ होते, म्हणजे आजच्या एखाद्या फॅमिली हॅचबॅकसारखेच, आणि ती गाडी लोक अजून डोक्यावर घेऊन नाचतायत.

दुसरा गैरसमज असा की गाडी वळणात झुकली म्हणजे ती वाईट. सिट्रोएन टूसीव्ही बघा, १९४८ ची, वळणात इतकी झुकते की बघणाऱ्याला वाटतं आता आडवी होणार, पण पुढच्या-मागच्या चाकांचं सस्पेन्शन एकमेकांना जोडलेलं आणि त्याला वरखाली व्हायला प्रवास भरपूर, त्यामुळे चाकं रस्ता सोडत नाहीत. झुकणं वेगळं आणि पकड सुटणं वेगळं. झुकणं हा उलट निरोप आहे, किती वजन कुठे गेलं त्याचा.

आणि सगळ्यात आवडतं उदाहरण फोर्ड फोकसचं. त्याच्या आधीच्या १९९० च्या एस्कॉर्टला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या होत्या की १९९८ मध्ये फोकस आली तेव्हा कोणाची फार अपेक्षाच नव्हती. फोर्डचा इंजिनिअर रिचर्ड पॅरी-जोन्स, त्याच्या टीमने मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं) बसवलं, तेव्हा ह्या वर्गात बहुतेकांकडे साधा टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं एका आडव्या दांडीने जोडलेली) होता, आणि साध्या घरगुती गाडीने मोठमोठ्या ब्रँडना घाम फोडला. २००३ च्या पाचव्या पिढीतल्या गोल्फला मग मागे मल्टिलिंक द्यावं लागलं. पॅरी-जोन्सचं एक म्हणणं होतं की गाडी चांगली आहे की नाही ते पहिल्या पन्नास मीटरमध्ये कळतं. मी हे हसण्यावारी नेलं होतं, आता स्वतः तेच करतो. पार्किंगमधून बाहेर काढतानाच क्लच, स्टिअरिंग आणि ब्रेक ह्या तिघांचं वजन एकमेकांशी जुळतंय का बघायचं. ब्रेक नुसता बोट लावल्यावर दचकतो आणि स्टिअरिंग लोण्यासारखं, असं असलं की पुढे आयुष्यभर तसंच वाटणार.

(बाय द वे, हे वाचून टॉर्शन बीम म्हणजे टाकाऊ असं समजू नका. रेनो मेगान आरएसने जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग ट्रॅकवर फ्रंट व्हील ड्राइव्हचा रेकॉर्ड केला, २०१४ मध्ये आठ मिनिटांच्या आत, आणि मागे टॉर्शन बीमच. कागदावरून गाडी ठरवू नका एवढंच म्हणायचंय.)

आता माझा गाढवपणा.

माझ्या गाडीला १७५/६५ आर१४ होते. मी घातले १९५/४५ आर१६. हिशोब केला होता हं, अगदीच अडाणी नव्हतो, बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच येतो, ५८३ आणि ५८२ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर बरोबर, सगळं बरोबर असं स्वतःला समजावलं. जे बघितलं नाही ते असं की टायरची भिंत ११४ मिलिमीटरवरून ८८ वर आली, म्हणजे खड्डा आधी जे रबर खात होतं ते आता माझी कंबर खायला लागली. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती गाडीला टेकते तिथपर्यंतचं अंतर) ४५ चा ३५ मिलिमीटर झाला, चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकलं, आणि ज्या स्टिअरिंगवर मी भाळलो होतो ते रस्त्यावरच्या प्रत्येक घळीमागे धावायला लागलं. घरच्या वजनकाट्यावर मोजलं तर एकेक चाक साडेतीन किलोने जड. एवढ्याशा गाडीला हे फार होतं, टेकडीवर चढताना तर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं. वर स्प्रिंग खाली केले. तुम्हीही तेच म्हणताय. मी इंजिनिअर नाही, पण मला नंतर समजलं ते असं की पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात) असलेली गाडी नुसती खाली बसवली की आतली भूमिती बिघडते, झुकण्याचा जोर उलट वाढू शकतो, आणि सस्पेन्शनचा प्रवास संपून ते रबरी स्टॉपवर आपटायला लागतं. दिसायला मात्र एक नंबर. फोटो मस्त आले.

आणि सगळ्यात मोठी चूक ही नाहीच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूळ चार चाकं मी त्याच संध्याकाळी विकली. जागा अडते म्हणून.

आठ दिवसांत हायवेला ८५ ते १०० मध्ये स्टिअरिंग थरथरायला लागलं. गेलो सर्व्हिस सेंटरला, नाव घेत नाही, घेण्यात अर्थ नाही, असे सगळीकडे आहेत. पहिल्यांदा बॅलन्सिंग केलं. थरथर तशीच. दुसऱ्यांदा अलाइनमेंट, आणि हातात रंगीत कागद, सगळे आकडे हिरवे, 'बघा साहेब, परफेक्ट.' तिसऱ्यांदा टाय रॉड एंड आणि लोअर आर्म बदलले. चौथ्यांदा पुढचे शॉक ॲब्सॉर्बर. पाचव्यांदा काउंटरवरचा माणूस मला म्हणतो की ह्या मॉडेलचं हे नॉर्मल आहे आणि तसंही रस्ते कुठे चांगले आहेत. पाच फेऱ्यांत एकाही माणसाने गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मी दर वेळी लिहून देत होतो की ८५ च्या पुढे होतं, आणि हे गेटपासून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे आणि म्हणायचे काही जाणवत नाही. कसं जाणवेल? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते पण माझ्या पैशाने. जुने काढलेले पार्ट मागितले तर म्हणे स्क्रॅपला गेले. त्यातले निम्मे चांगले असणार ह्याबद्दल मला आजही शंका नाही, पुरावा अर्थात नाही.

सापडलं कसं तर एका खड्ड्यात पुढचा टायर फुटला. (भिंत ८८ मिलिमीटर, आठवतंय ना.) रात्री रस्त्याकडेला डिकीतलं स्टेपनी लावलं, जे मूळ १४ इंचीच होतं कारण ते विकायचं राहिलं होतं, आणि घरी येताना थरथर निम्मी! आधी वाटलं भास. सकाळी जॅक लावून दुसऱ्या बाजूचं अलॉय काढलं आणि बघतो तर मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग) सरळसरळ मोठं. बाजारातली रिम बऱ्याच गाड्यांना बसावी म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधल्या फटीत हब रिंग घालायची असते, प्लॅस्टिकची नाहीतर ॲल्युमिनियमची, बांगडीएवढी वस्तू. ती कोणी घातलीच नव्हती. चाक नटांवर अंदाजे मधोमध बसलेलं, बॅलन्सिंग मशीनवर मात्र ते शंकूवर बरोबर मध्यावर धरलं जातं, त्यामुळे मशीनवर दर वेळी शून्य आणि गाडीवर तसंच. पाच फेऱ्यांत चाक किती वेळा काढलं-घातलं असेल त्यांनी, हिशोब करा.

नंतर मी रिंगा घातल्या, थरथर गेली. पण गाडी परत तशी झाली नाही, ती खरी झाली मूळ साइझवर आल्यावर, आणि त्यासाठी तीन जुनी चाकं भंगारवाल्यांकडे शोधण्यात चार महिने गेले. म्हणून म्हणतो, काहीही करा, अगदी माझं न ऐकता अलॉय टाकलेच तरी मूळ चाकं माळ्यावर ठेवा. नटही त्यांच्याबरोबर ठेवा, अलॉय आणि लोखंडी चाकाच्या नटांची बैठक वेगळी असू शकते, शंकूसारखी किंवा गोल, आणि चुकीचा नट नीट बसत नाही, तिथे विषाची परीक्षा नको.

आता तुमचं डावीकडे ओढणं. कोणाकडेही जायच्या आधी हे घरी करा. सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, आणि आकडा दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरचा घ्या, टायरवर छापलेला नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. हवा भरणारे सरसकट सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरतात आणि अर्ध्या लोकांच्या गाड्या त्यामुळेच टणाटण उडतात. मग पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढणं उजवीकडे गेलं किंवा थांबलं तर दोष टायरचा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं अदलाबदल करू नका.) तसंच राहिलं तर एखादं चाक ब्रेक धरून ठेवतंय का बघा, थोडं चालवून उतरलात की एका चाकाजवळ जास्त गरम लागतं, हात लावू नका, नुसता जवळ न्या. हे सगळं ठीक निघालं तरच अलाइनमेंट, आणि करताना स्वतः मशीनसमोर उभे राहा, यादीतून त्यांनी तुमच्याच गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडलंय का ते डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच व्हेरियंटचे आकडे घेतले तरी कागद हिरवाच येतो. आणि स्टिअरिंग सरळ असताना डाव्या-उजव्या चाकाचा टो (चाक किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे ते) सारखा आहे का ते विचारा. विचारल्यावर तोंड वाकडं करतील. करू दे.

पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच साइझचे चांगले नवे टायर घ्या. जुन्या कमी चाललेल्या गाडीत हा प्रकार फार असतो, नक्षी नवी दिसते आणि रबर दगड झालेलं. त्यानंतर थकलेले शॉक असतील तर कंपनीच्याच मापाचे. मावशीच्या गाडीत मी शेवटी एवढंच केलं आणि ती आजही माझ्याकडे आहे.

डिस्क्लेमर : माझा अनुभव एका गाडीचा आणि दोन-तीन मित्रांच्या गाड्यांचा. ट्रॅकवर जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी मला शिव्या घालू नयेत. आणि चालवायला छान म्हणजे सुरक्षित असं नाही. जुन्या गाडीत एअरबॅग किती आहेत, एबीएस आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे का बघा, नसेल तर पावसात टायरची ती कुरकुर ऐकायला जाऊ नका, आणि लहान मुलांना घेऊन लांब जायचं असेल तर मोठीच गाडी काढा, मी पण तेच करतो.

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधीकधी ते आतल्या बाजूला असतात, वाकून बघावं लागतं. चारही चाकांचे बघून इथे टाका, आणि ओढणं ब्रेक दाबल्यावर वाढतं की तसंच राहतं तेही लिहा. मग पुढचं बोलू.