‘व्हेरी सिन्सिअर गर्ल’ काढून काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात, डाइंगच्या लॅबमध्ये तुम्ही तीन वर्षं काम केलंत. आता जर्मनीत टेक्स्टाइलच्या मास्टर्ससाठी अर्ज करताय. मालकांनी स्वतः इंग्रजीत शिफारसपत्र लिहून दिलंय, पण ते ‘पाठवायला लाज वाटेल असं’ आहे. तर एआयला देऊन ते गुळगुळीत करून घ्यावं का? पत्राचा मजकूर सोबत दिलात ते बरं केलंत.

आधी लाजेचं बघू. तुमचे मालक घरी तेलुगू बोलतात, खात्यात मराठी, निम्म्या कामगारांशी कानडी, बाहेरच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. इंग्रजी ही त्यांची पाचवी भाषा. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. त्यात या माणसानं बसून पाऊण पान स्वतः लिहिलं. बाकीचे मालक ‘तूच टाइप करून आण, सही मारतो’ म्हणतात. तेव्हा हे पत्र जपून हाताळा.

एक्स्पोर्टच्या कागदपत्रांत माझी अठरा वर्षं गेली आणि रंधा मारायची हौस मलाही होती. एका सहकाऱ्याला आमच्या साहेबांनी साधं, चार ओळींचं पत्र दिलं होतं. मी त्यात ‘इन्स्ट्रुमेंटल’, ‘अनपॅरलल्ड’ वगैरे कोंबलं आणि वर लिहिलं, त्यानं स्टॉकची पद्धत ‘ओव्हरहॉल’ केली. साहेबांनी न वाचता सही केली. महिन्याभरानं दुबईहून साहेबांना फोन आला, ओव्हरहॉल केलं म्हणजे नेमकं काय केलं? साहेब म्हणाले, ‘ओव्हरहॉल? मशिनरीचं मेंटेनन्सवाले बघतात, हा तर स्टोअरला होता.’ नोकरी कशीबशी मिळाली, पण तो पोरगा बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. म्हणून सांगतो, जे शब्द मालक फोनवर बोलणार नाहीत ते पत्रात नकोत.

आता दुरुस्त काय करायचं? ज्यानं अर्थ बदलतो ते आधी. तुमच्या पत्रात ‘शी पास्ड आउट इन २०२१’ आहे. आपल्याकडं याचा अर्थ पदवी मिळाली. बाहेरचा माणूस वाचेल, २०२१ मध्ये चक्कर येऊन पडली. तिथं ‘ग्रॅज्युएटेड’ करा. ‘शी ओन्ली फाउंड द फॉल्ट’ हे मालकांच्या मनातलं ‘तिनंच दोष शोधला’ आहे. आपला ‘च’ त्यांनी ‘ओन्ली’मध्ये बसवला, पण इंग्रजीत ते ‘तिनं फक्त दोष शोधला, बाकी काही केलं नाही’ असं होतं. ‘टू हार्डवर्किंग’ म्हणजे फारच कष्टाळू असं त्यांना म्हणायचंय, वाचणाऱ्याला मात्र ते गरजेपेक्षा जास्त वाटेल. ‘शी आस्क्स डाउट्स’मधल्या शंका म्हणजे ‘क्वेश्चन्स’. ‘१५ लाख’ तिकडं कुणाला कळत नाहीत, दीड मिलियन रुपये लिहा. आणि एक चूक इतकी भारी आहे की मी चहा सांडला: डाइंगच्या स्पेलिंगमधला ई गळालाय. रंगाई खात्याचं मरण खातं झालंय, तेही तीन ठिकाणी. स्पेलचेकला हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

‘इज हॅविंग गुड नॉलेज’, ‘इज वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ हे आपल्या ‘आहे’चं देणं. मराठीत ‘काम करते आहे’, म्हणून हात आपोआप ‘इज’कडं जातो. ‘हॅज’ आणि ‘हॅज वर्क्ड फॉर थ्री इयर्स’ केलं की झालं. एखादा ‘द’ राहिला तर राहू दे. मालकाच्या हातचं पत्र आहे हे त्यावरूनच कळतं.

जर्मनीसाठी एक गोष्ट मात्र जरूर बदला. ‘हर वर्क इज सॅटिस्फॅक्टरी’. आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ म्हणजे ठीकठाक, आई ओरडत नाही. जर्मनीत नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्राची सांकेतिक भाषाच ठरलेली असते. उघड वाईट लिहायचं नाही असा दंडक असल्यानं तिथं समाधानाच्या पायऱ्या पडल्यात. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानासाठी’ म्हणजे पहिला नंबर. नुसतं ‘आमच्या समाधानासाठी’ म्हणजे जेमतेम पास, त्यांच्या हिशेबात चौथी श्रेणी. तुमचं पत्र इंग्रजीत आहे, पण वाचणारा त्याच भाषेत वाढलेला असेल. मालकांनी कौतुक म्हणून टाकलेला शब्द तुम्हाला खाली ओढेल.

एवढं केलं तरी निम्मंच काम होतं, कारण पत्राचं खरं दुखणं व्याकरण नाही. ते चारित्र्याचा दाखला म्हणून लिहिलंय. ‘सिन्सिअर, ओबिडिअंट, गुड फॅमिली, गुड मॉरल कॅरेक्टर, काइंडली गिव्ह अ‍ॅडमिशन अँड ऑब्लाइज.’ आज्ञाधारक मुलगी संशोधनाला कशाला हवी, असं तिकडचा प्राध्यापक म्हणेल. घराण्याची, लग्न झालं नसल्याची वाक्यं सरळ काढा. प्रवेश द्या ही विनंतीही काढा, शिफारस करणाऱ्यानं हात जोडायचे नसतात.

आणि जे हवं ते पत्रात नाहीच! तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून गेलात की पिस्ता रंगाचे लॉट फिके आणि ठिपकेदार यायचे, सगळे रंगाला दोष द्यायचे, आणि तुम्ही ब्लीचनंतरच्या पाण्यात टेस्टची पट्टी बुडवून दाखवलं की ब्लीचचं पेरॉक्साइड शिल्लक राहतंय. सुताला लावतात त्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला ते मारतं, हे तिकडचा टेक्स्टाइलवाला एका ओळीत ओळखेल. पत्रात याचं काय झालंय? ‘शी सॉल्व्ड मेनी प्रॉब्लेम्स.’ अहो, सोन्याची लगड भंगारात टाकल्यासारखं आहे हे.

म्हणून असं करा. मालकांकडं जा, जेवणाच्या सुट्टीनंतर, मूड बघून. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करू का असं विचारून करा आणि म्हणा, ‘मालक, ती पिस्ता कलरची गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा ना.’ ते मराठीत, तेलुगूत, जशी जीभ वळेल तशी सांगतील. ते जसंच्या तसं, छोट्या वाक्यांत इंग्रजीत उतरवा. काहीसं असं: ‘बिफोर शी केम, वी ब्लेम्ड द डाय. शी डिप्ड अ टेस्ट स्ट्रिप अँड शोड अस द पेरॉक्साइड वॉज स्टिल देअर. नाउ वी डू नॉट डाय एनी लॉट विदाउट द स्ट्रिप.’ दहावीच्या पोरालाही कळेल असं इंग्रजी. मालकांना उद्या कुणी फोन केला तर ते हीच गोष्ट न अडखळता सांगतील.

एआयचं म्हणाल तर स्पेलिंग आणि ‘इज-हॅज’ बघायला वापरा, ‘फक्त व्याकरणाच्या चुका दाखव, वाक्यं बदलू नकोस’ असं बजावून. पूर्ण पत्र त्याच्या हवाली करू नका. मागं एका मुलाची दोन पत्रं माझ्याकडं आली, एक कॉलेजच्या सरांचं, एक कारखान्याचं. दोघांचं पहिलं वाक्य तंतोतंत तेच निघालं. विचारलं तर म्हणाला, दोन्ही एकाच ठिकाणी ‘पॉलिश’ केली.

शेवटचा मसुदा मालकांना वाचून दाखवा, मराठीत अर्थ सांगत. ‘हे मी म्हटलं नाही’ असं ज्या ओळीला म्हणतील ती तिथल्या तिथं खोडा. पत्र त्यांचं आहे, तुम्ही लेखनिक. विद्यापीठानं थेट त्यांच्याकडून मागितलं असेल तर अपलोड त्यांनीच करायचं, त्यांच्या पासवर्डनं तुम्ही नाही. अमेरिकेला अर्ज करणाऱ्यांना तर विद्यार्थ्यांना स्वतःच्या नोंदी बघू देणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्याखालचा पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असं अर्जातच विचारतात, म्हणून तिथं जास्तच जपून.

कागद लेटरहेडचा, तारीख, हुद्दा, सही, एका पानात. शिक्का मारायचाच म्हणाले तर मारू द्या, फक्त सहीवर नको. आणि मालकांचा मेल त्यांचा पुतण्या बघतो असं तुम्ही लिहिलंय, तर त्या पुतण्याला आत्ताच सांगून ठेवा: जर्मनीहून काही आलं की स्पॅम म्हणून उडवायचं नाही.