साडेनऊ हजारांचा ब्लोअर की नवी गाडी?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. नाशिकहून इगतपुरीजवळच्या शाळेत रोज गाडीने जाते, बरोबर दोन सहकारी असतात. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 88 हजार किलोमीटर झालेली. पावसाळ्यात ब्लोअर (एसी-हीटरची हवा ढकलणारा पंखा) फक्त चार नंबरवर चालायला लागला म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग) बदलला, 800 रुपये गेले. दिवाळीनंतर पुन्हा तेच. आता ब्लोअर कुईं-कुईं आवाज करतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्याखाली थाप मारली की सुरू होतो. सकाळी थंडीत काचेवर वाफ धरते. वर्कशॉपने 9,529 रुपयांचं एस्टिमेट दिलंय, ओळखीचा एसीवाला 3,400 म्हणतो. मिस्टर म्हणतात, दोन वर्षांत या गाडीत 58 हजार ओतले, आता एसआयपी थांबवू आणि पाच लाखांचं कर्ज काढून नवी घेऊ. इन्शुरन्समधून काही मिळेल का? मुलगी दहावीत आहे, आमची 8,000 रुपयांची एसआयपी तिच्या इंजिनिअरिंगसाठीच आहे.

उत्तर : ताई, मी हिशेब बघणारा माणूस, पण तुमच्या पत्रातली ती थाप वाचली आणि आधी गाडीकडेच वळलो. थाप मारल्यावर चालणारी मोटर म्हणजे बहुतेक वेळा आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेले असतात. कुईं-कुईं आवाज बुश किंवा बेअरिंगचा. अशी मोटर जड फिरते, जास्त करंट ओढते आणि तो ताण रेझिस्टरवर येतो. म्हणजे पावसाळ्यातले 800 रुपये खऱ्या दुखण्यावर खर्चच झाले नाहीत. आता पुन्हा नुसता रेझिस्टर बदलून घेऊ नका. मोटर आणि रेझिस्टर दोन्ही एकदम बदला, आणि कनेक्टर वितळलाय का तेही बघायला सांगा.

इन्शुरन्सचं लगेच सांगतो : मिळणार नाही. साध्या मोटर पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड येत नाहीत, मग पॉलिसी फर्स्ट पार्टी असो की झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारी). कुणी ‘अपघातात बसवून टाकू’ म्हणालं तर हात जोडा. ती फसवणूक आहे, आणि वर साठवलेला नो क्लेम बोनसही जाईल.

आता एस्टिमेट. मोटर 3,900, रेझिस्टर 850, डॅशबोर्ड काढणे-बसवणे 2,800, एसी क्लीनिंग 1,250 आणि मजुरीवरचा जीएसटी 729. माझं बोट थांबलं ते 2,800 वर. बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये ही मोटर डावीकडच्या सीटसमोर, कप्प्याच्या मागे किंवा खाली असते : दोन-तीन स्क्रू, एक कनेक्टर, की मोटर हातात. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो तो एसीची कूलिंग कॉइल किंवा हीटरची कॉइल काढताना. तुमच्या मॉडेलला खरंच लागत असेल तर लागू दे, पण ‘मोटरसाठी डॅशबोर्ड कशाला?’ एवढं काउंटरवर जरूर विचारा. या एका प्रश्नाने बरीच एस्टिमेटं बारीक होतात. एसी क्लीनिंग आत्ता नको, मार्चमध्ये बघू. आणि सुट्या भागांवर अजून 28 टक्के जीएसटी लावलेला दिसला तर हटका, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला आहे.

एसीवाल्याचे 3,400 मला स्वस्त वाटत नाहीत. बिल नाही, मोटर कुठली ते माहीत नाही, चार महिन्यांत बंद पडली तर भांडायला कागद नाही. भंगार बाजारातली मोटर तर नकोच, तिचे कार्बन किती उरलेत ते वरून कुणालाच दिसत नाही. मी असतो तर मधला रस्ता धरला असता. पार्ट्सच्या दुकानातून ओरिजिनल मोटर आणि रेझिस्टर बिलासकट घ्यायचे, एमआरपीत कर धरलेलाच असतो, म्हणजे 4,750. त्याच एसीवाल्याला बसवायचे 700 द्यायचे. गाडीत केबिन फिल्टर असेल तर तोही नवा, साधारण 350. झाले 5,800. फिल्टरवर 350 कशाला असं वाटेल, पण तो पानं-धुळीने तुंबला की हवा कमी वाहते, आणि रेझिस्टर थंड राहतो तो याच हवेवर.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा ब्लोअर जुलैत गेला. ‘हीटर कोण लावतंय महाराष्ट्रात’ म्हणून मी दुरुस्ती ढकलली. मग एका पहाटे घोटीच्या पुढे एका हातात नॅपकिन, दुसऱ्यात स्टिअरिंग, आणि समोर उभा टेम्पो. फक्त बंपर आणि दिवा गेला, साडेसात हजारांत सुटलो. एसी आणि हीटरला हवा ढकलणारा पंखा एकच असतो. तो गेला की काच साफ करणारं कुणी उरत नाही, आणि इगतपुरीच्या धुक्यात ही चैनीची वस्तू नाही. म्हणून महिनाअखेरीची वाट बघू नका, येत्या रविवारी काम उरका. पैसे बचत खात्यातून द्या. एवढ्यासाठी कार्डावर ईएमआय करू नका. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर जीएसटी मागून येतोच.

आता तुमच्या साहेबांचं, म्हणजे मिस्टरांचं म्हणणं. 58 हजारांचा राग मला समजतो, पण तुम्ही सोबत जोडलेल्या यादीत टायर, बॅटरी आणि क्लच आहेत. हे तिन्ही खर्च होऊन गेले, त्यांचं सुख आता कुठे सुरू होतंय. क्लचप्लेट घालून सहा महिन्यांत गाडी विकणं म्हणजे घर रंगवून भाडेकरूला देणं. चोवीस महिन्यांत 58 हजार म्हणजे महिन्याला साधारण 2,400. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 10,501 येतो आणि नुसतं व्याज एक लाख 30 हजार. वर नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. जीएसटी कमी झाल्याने छोट्या गाड्या स्वस्त झाल्या हे खरं, पण हप्ता काही शून्य झाला नाही.

आणि तो हप्ता येणार कुठून? मुलीच्या एसआयपीतून. तिची बारावी 2028 मध्ये. आजपासून तोपर्यंत तीस महिने धरले तर 8,000 च्या हिशेबाने नुसतं मुद्दल दोन लाख 40 हजार होतं. ते बंद केलंत तर प्रवेशाच्या वेळी शैक्षणिक कर्ज काढाल, आणि तेव्हा गाडीचे अडीच-तीन वर्षांचे हप्ते बाकीच असतील. तुमच्या गाडीची नोंदणी 2029 पर्यंत आहे. म्हणजे पहिल्या वर्षाची फी भरून होईपर्यंत ती कागदावर तरी साथ देते. नंतर पंधरा वर्षं झाली की आरसी नूतनीकरणाची फीच 5,000 आहे, शिवाय फिटनेस आणि हरित कर. तो खर्च करायचा नाही हे आत्ताच ठरवून टाका.

एका ठिकाणी मात्र मी साहेबांच्या बाजूने आहे, आणि तो मुद्दा त्यांनी मांडलेलाच नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै 2019 मध्ये. तुमचं 2014 चं बेस मॉडेल असेल तर एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही नसण्याची शक्यता मोठी. रोज हायवेवर नव्वदेक किलोमीटर जाणाऱ्या माणसासाठी ही बाब ब्लोअरपेक्षा फार जड आहे. गाडीत त्या नाहीत असं निघालं तर मला पुन्हा लिहा. तेव्हाही मी नव्या गाडीचं कर्ज सुचवणार नाही, तीन-चार वर्षं जुनी एअरबॅगवाली गाडी बघू आणि एसआयपीला हात न लावता किती जमतं ते मांडू. तोवर महिन्याला 3,000 ची आरडी गाडीच्या नावाने सुरू करा. सहकारी पेट्रोलला देतात ते पैसेही घरखर्चात मिसळू न देता तिथेच टाका.

आणि रविवारी जुनी मोटर मागून घ्या, एसीवाल्यासमोर उघडायला लावा. कार्बन झिजून नखाएवढे उरले असतील तर माझं निदान बरोबर. पंख्यात पानांचा गोळा किंवा उंदराचं घरटं निघालं तर नवी मोटर बसवण्याआधी वायपरखालच्या जाळीला बारीक जाळी लावून घ्या, पन्नास रुपयांचं काम आहे.