मीटर एक, चुली चार

प्रश्न : येरवड्यात एका घरात आम्ही चार भाडेकरू. मीटर एकच, मालकाच्या नावावर. वापर बेताचा, तरी वीज महाग का पडते?

उत्तर : घरगुती दराचे टप्पे मीटरवर ठरतात, माणसं मोजून नाही. प्रत्येक कुटुंबाने महिन्याला ९० युनिट वापरली, तर स्वतंत्र मीटरवर चौघेही १०० युनिटच्या आतल्या, सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात. एका मीटरवर तीच ३६० होतात : पहिली १०० स्वस्त, पुढची २०० महाग, वरची ६० त्याहून महाग. चौघांत मिळून एकाचीच सवलत! गरिबासाठी ठेवलेला दर दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबालाच मिळत नाही, हे मला या दररचनेतलं सर्वांत मोठं भोक वाटतं. मालकाने बसवलेल्या सब-मीटरने फक्त आपसातली वाटणी होते, टप्पा बदलत नाही. वीज कायदा २००३, कलम ४३ मात्र वाचून घ्या. जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला, जो मागेल त्याला वीज द्यायची, असं ते सांगतं. भाडेकरार जोडून अर्ज तुम्हीही करू शकता.

प्रश्न : धायरीत आमचं घर लाइनच्या शेवटी. रात्री आठला पंखा रेंगाळतो. स्टॅबिलायझर घेऊ?

उत्तर : घ्या, पण तो जादा करंट ओढून तुमचं व्होल्टेज सावरतो आणि त्या ओढीने शेजाऱ्याचं आणखी पाडतो. मग शेजारीही घेतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरी २३० आणि तुमच्याकडे १९० येत असेल, तरी युनिटचा दर दोघांना तोच. आठवडाभर रात्री आठला मीटरपाशी व्होल्टेज मोजून लिहून ठेवा आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज द्या. आधी फेज, म्हणजे लाइनच्या तीन तारांपैकी कोणत्या तारेवर कोणतं घर आहे, ते तपासायला सांगा. पुष्कळदा निम्मी गल्ली एकाच फेजवर टांगलेली असते; लोड तिन्ही फेजवर वाटला की नव्या ट्रान्सफॉर्मरची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : जुन्नरला वडील बिबट्याच्या भीतीत रात्री पंप चालवतात. मी कोथरूडला, इथे चोवीस तास वीज. हा कुठला न्याय?

उत्तर : न्याय नाहीच. शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, वेगळा असल्याने पंपाला लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीने, कधी रात्री देता येते. शहराची कथा निराळी. २००६ मध्ये उद्योगांनी आपले जनरेटर चालवून वाचलेली वीज शहराला सोडली, त्याचा जादा खर्च शहरातल्या जास्त वापराच्या ग्राहकांनी उचलला आणि पुणे भारनियमनातून सुटलं. युक्ती चोख होती, पण ती ऐपतीवर उभी होती. गावासाठी २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना मला जास्त पटते : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. वडिलांना उपकेंद्रात एवढंच विचारायला सांगा, आमचा फीडर कोणत्या प्रकल्पावर येणार आणि कधी?