रखडलेला टॉवर, नवा प्लॅन: तुमचे प्रश्न

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आयुष्य उंच बिल्डिंगांच्या कॅल्क्युलेशनमध्ये गेलं. मधेच डिझाइन बदललेल्या लक्झरी टॉवरबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो.

प्रश्न: आमचा टॉवर ६० मजल्यांचा होणार होता, ३४ स्लॅब पडले आणि काम बंद. आता नवा बिल्डर आलाय, तो ४८ वर थांबवू म्हणतोय. फाउंडेशन ६० चं आहे म्हणजे बिल्डिंग उलट जास्त मजबूत झाली ना?

वजनापुरतं हो. राफ्ट (फाउंडेशनची जाड स्लॅब) आणि पाइल (जमिनीत खोल गेलेले खांब) ६० मजल्यांचं ओझं धरून केलेत, ४८ म्हणजे त्यांना आरामच. म्हणून अर्धवट टॉवरची उंची कमी करणं त्यातल्या त्यात सोपं आणि वाढवणं महाकठीण, कारण खाली ओतलेलं काँक्रीट काही परत काढता येत नाही. लोअर परळचा वर्ल्ड वन घ्या, २०१० ला जाहीर झाला तेव्हा ११७ मजले, ४४२ मीटर, पण एअरपोर्ट अथॉरिटीची तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि शेवटी ७६ मजले, २८० मीटरवर थांबला. तरी आज दिमाखात उभा आहे.

पण उंच बिल्डिंगला खरा त्रास आडवा असतो, वाऱ्याचा आणि भूकंपाचा. उंची बदलली की बिल्डिंग डोलायची लय बदलते, म्हणजे ६० मजल्यांच्या मॉडेलवर वारा सोडून केलेली विंड टनेल टेस्ट ४८ ला चालत नाही, नव्याने करावी लागते. आउटरिगर नावाचा प्रकार असतो, मधल्या एकदोन मजल्यांवर लिफ्टच्या कोअरला बाहेरच्या कॉलमशी बांधून टाकणाऱ्या जाड भिंती. आता समजा त्यातला वरचा ५२व्या मजल्यावर येणार होता, तर तो मजलाच गेला की हो! मग ती ताकद कुठून आणणार, हे ड्रॉइंगमध्ये दिसायला हवं. शिवाय कोडही बदललेत, भूकंपाचा आयएस १८९३ २०१६ ला सुधारला आणि उंच बिल्डिंगांसाठीचा आयएस १६७०० तर २०१७ ला आला, तुमची कॅल्क्युलेशन त्याआधीची असतील तर नवीन मागा.

आणि उंची का कमी केली हे आधी विचारा. विकलं जात नाही म्हणून कमी केली तर ठीक, पण लास व्हेगासच्या हार्मन टॉवरचं वेगळं होतं. एकूण ४९ मजले, खाली हॉटेल आणि वर कॉन्डो म्हणजे विकायचे फ्लॅट असा प्लॅन, २००८ मध्ये बऱ्याच मजल्यांवर सळ्या चुकीच्या बांधल्याचं कळलं, मग कॉन्डो रद्द करून उंची जवळपास निम्म्यावर आणली. ते पण नाही जमलं. बिल्डिंग कधी उघडलीच नाही आणि पुढे एकेक मजला करत उतरवावी लागली, आजूबाजूला दाटी म्हणून सुरुंग लावायचीही सोय नव्हती.

प्रश्न: सांगाडा सात पावसाळे उघडा पडलाय, वरच्या सळ्या पार लाल झाल्यात. बिल्डर म्हणतो ब्रश मारून पुढचं काम सुरू करू.

वरवरचा गंज ब्रशने जातो, त्यात खोटं काही नाही. प्रश्न सळी किती झिजली याचा. ती मोजायची, वजन करायचं, तुकडा कापून लॅबमध्ये ओढून बघायचा, आणि झिज जास्त निघाली तर तेवढा भाग फोडून रिबारिंग करायचं म्हणजे भोक पाडून केमिकलने नवी सळी बसवायची.

मला मात्र आतल्या सळीची जास्त काळजी वाटते. मुंबईत समुद्राचा वारा, त्यातलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं. काँक्रीटचा गोल तुकडा (कोअर) कापून त्यावर फिनॉल्फथॅलिन नावाचं केमिकल शिंपडतात, जिथे गुलाबी रंग येतो तिथे काँक्रीट अजून सळीला सांभाळतंय, जिथे रंगच येत नाही तिथलं ते कवच गेलं. मिठाचं मात्र यात कळत नाही हां, त्यासाठी क्लोराइड टेस्ट वेगळी. सोबत आतली सळी गंजतेय का याचा अंदाज देणारी हाफ सेल टेस्टपण करायला लावा, आणि कॉलम कुठले तपासायचे ते बिल्डरच्या माणसाला निवडू देऊ नका. मी एका साइटवर पाहिलंय, सगळे सॅम्पल छान सावलीतल्या, कोरड्या कॉलमचे!

सांगाडा वापरता येतोच येत नाही असं मात्र नाही. शिकागोत वॅकर ड्राइव्हवर वॉटरव्ह्यू टॉवर म्हणून हॉटेल आणि कॉन्डोचं काम २००८ ला २६व्या मजल्यावर ठप्प झालं, काही वर्षं नदीकाठी नुसता सांगाडा. मग दुसऱ्या डेव्हलपरने त्याच सांगाड्यावर नवं डिझाइन करून ६० मजल्यांची भाड्याच्या घरांची बिल्डिंग २०१४ ला पूर्ण केली, मूळ प्लॅनपेक्षा बरीच बुटकी.

प्रश्न: २०१० ला बुक केलं तेव्हा ब्रोशरमध्ये मोठे फ्लॉवर बेड होते, नव्या प्लॅनमध्ये नाहीत. आणि वरच्या मजल्यांवर एकेका मोठ्या फ्लॅटचे दोन करतायत, त्याने आम्हाला काही धोका?

फ्लॉवर बेडचं उत्तर सोपं आहे. तेव्हा ते एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या एकूण बांधकामाच्या हिशोबात, धरत नसत, मग काय, मुंबईभर फ्लॉवर बेड उगवले आणि झाडं कुठे दिसेनात, घर घेतलं की पहिलं काम ते आत घ्यायचं. जानेवारी २०१२ ला पालिकेने नियम बदलले, हे सगळं एफएसआयमध्ये धरलं आणि त्याबदल्यात रहिवासी बांधकामाला प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे कुठेही वापरता येणारं जादा बांधकाम, दिला. कितीतरी टॉवरचे प्लॅन त्यावेळी फिरले.

फ्लॅट तोडण्यात भिंती हा मुद्दाच नाही, त्या हलक्या असतात. एकाचे दोन म्हणजे दुसरं किचन, जास्तीचे बाथरूम, म्हणजे नव्या पाइपांसाठी स्लॅबला भोकं. लक्झरी टॉवरचे स्लॅब बरेचदा पोस्ट टेन्शन असतात, आत ताणून धरलेल्या केबल. कोअर कटरने अशी केबल कापली तर स्लॅबचा तेवढा पट्टा दुबळा होतो आणि कापणाऱ्याच्या जिवालाही धोका, त्यामुळे आधी स्कॅन करून केबलच्या जागा मार्क केल्यात का ते विचारा. दुसरं, फ्लॅट दुप्पट झाले तर लिफ्ट, पाणी, पार्किंगचा हिशोब नव्याने लागतो, आणि लिफ्टच्या शाफ्ट तर आधीच ओतून झाल्यात. सकाळी नऊला खाली उतरताना कळेल.

प्रश्न: बिल्डर संमतीपत्रावर सही मागतोय. करू का? ॲग्रीमेंटमध्ये "प्लॅनमध्ये कुठलाही बदल मान्य" असं आधीच लिहून घेतलंय.

मी वकील नाही, पण एवढं सांगतो. रेरा म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा कायदा, त्याच्या कलम १४ प्रमाणे तुमच्या फ्लॅटमधल्या बदलाला तुमची संमती लागते आणि बिल्डिंगच्या प्लॅनमधल्या मोठ्या बदलाला दोन तृतीयांश खरेदीदारांची, त्यात बिल्डर धरत नाहीत आणि एका कुटुंबाचे चार फ्लॅट असले तरी मत एकच. ॲग्रीमेंटमधली सरसकट संमती मुंबई हायकोर्टाने मोफाच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट कायद्याच्या, केसमध्ये मानलेली नाही, नेमका कुठला बदल हे सांगून घेतलेलीच संमती धरली जाते. तारीख उलटून गेली असेल तर कलम १८ खाली व्याजासकट पैसे परत मागता येतात, किंवा थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात दर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा मूळ दर) २ टक्के.

सही करण्याआधी नवा प्लॅन, स्ट्रक्चरल पिअर रिव्ह्यूचा (डिझाइनच्या फेरतपासणीचा) रिपोर्ट आणि ताब्याची नवी तारीख, तिन्ही लेखी घ्या. पिअर रिव्ह्यू दुसऱ्या इंजिनिअरचा हवा हां, ज्याने डिझाइन केलं त्याचाच नको. कागद तयार नाहीत म्हणाले तर पेन खिशातच ठेवा.