फ्लोअर हीटिंगवर मोठ्या टाइल्सना जॉइंट किती ठेवायचा?

जर्मनीतल्या घरात फ्लोअर हीटिंगवर (फरशीखालून घर तापवायची सोय) ६०० × १२०० मिमीच्या टाइल्स बसवायच्यात, घरच्यांना जॉइंट दिसायला नको, टाइलवाला ३ मिमीवर अडून बसलाय, कोणाचं ऐकू, असं विचारलंय तुम्ही. टाइलवाल्याचं ऐका.

मी बेळगावात २२ वर्षं फरशी बसवतो. ‘जॉइंट दिसायला नको’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आमचे थोरले साडू. अनगोळला घर बांधलं त्यांनी. हॉल पश्चिमेचा, भिंतभर काच, टाइल ८०० × १६००. मी स्पेसर (जॉइंट सारखा राहावा म्हणून टाइल्समध्ये ठेवायचे तुकडे) बाहेर काढले तर म्हणाले, “ती प्लॅस्टिकची नाटकं उचल आधी. गोव्याच्या हॉटेलात बघितलंय मी, आरशासारखं सलग.” म्हटलं, अहो, तिथंही जॉइंट असतोय, रंग मिळता लावलाय म्हणून दिसत नाही. खरं ते ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले आणि मी दहावी नापास. कोणाचं चालणार? कडेला कड घासून, पार भिंतीपर्यंत घट्ट बसवून दिल्या.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात, भर दुपारी, हॉलमध्ये बार उडाल्यासारखा आवाज. आक्का आधी सिलिंडरकडे धावल्या. बघतात तर मधोमध दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. मी जाऊन आजूबाजूच्या ठोकल्या, सात-आठ पोकळ वाजल्या. खाली कोबा वाळताना आकसलेला, वर टाइल उन्हानं वाढलेली आणि भिंतीशी सरकायला सुईएवढी जागा नाही. साडूंचं निदान काय? “तुझा माल कमी पडला.” आजही लग्नाच्या पंगतीत तेच सांगतात.

म्हणून हिशेबच मांडतो. व्हिट्रिफाइड टाइल २० अंशांनी तापली तर सहा मीटरच्या हॉलमध्ये जेमतेम पाऊण-एक मिमी वाढते. खालचा कोबा त्याहून जास्त. ही वाढ जॉइंटमध्ये भरायचा सिमेंटचा ग्राउट पोटात घेत नाही, तो दगडासारखाच. त्यामुळं २ की ३ यावर भांडण्यापेक्षा भिंतीकडेनं ८-१० मिमी मोकळं सोडलंय का ते बघा, स्कर्टिंगखाली झाकून जातंय. दाराच्या उंबऱ्यात सिलिकॉन हवा. कोब्यात जिथं जॉइंट सोडलाय, तिथंच वर टाइलमध्येही सोडायचा, टाइल कापावी लागली तरी. रेक्टिफाइड (कडा मशीनवर सरळ कापलेली) टाइल असेल आणि कोबा एका लेव्हलला असेल तर २ मिमी चालेल, त्याखाली नाही. ग्राउट टाइलच्या रंगाचा घ्या, वहिनींची निम्मी तक्रार तिथंच मिटेल.

आता खरं सांगायचं तर फ्लोअर हीटिंगवर मी स्वतः एकही काम केलेलं नाही, आमच्याकडं हीटिंग वरून येतंय, फुकट. आणि साडूंकडं मी टाइल्स सिमेंटच्या स्लरीवर बसवल्या होत्या, कारण अॅढेसिव्हचे पैसे द्यायला ते तयार नव्हते. तुम्ही लवचीक अॅढेसिव्हच वापरा, पाकिटावर एस-१ बघून घ्या. टाइल बसवण्याआधी नवा कोबा हीटिंग हळूहळू चढवून एकदा तापवून घ्यायचा असतो (सिमेंटचा असेल तर २१ दिवसांनंतर), आणि बसवताना हीटिंग बंद.

एक पेटी जादा घेऊन ठेवा. साडूंना त्या लॉटची टाइल परत मिळालीच नाही. दोन नव्या जरा पिवळट आहेत, त्यांच्यावर टीपॉय ठेवलाय. झाडू मारतानाही कोणाला हलवू देत नाहीत.