जुनी अमेरिकी करमणूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९५० च्या दशकातला अमेरिकी टेबल रेडिओ मिळाला आहे. पाचही व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) एकदमच बंद पडलेत, एकही तापत नाही. पाचही बदलायचे का? आणि डायलवर ६४० व १२४० जवळ दोन छोटे त्रिकोण आहेत, ते कसले?

उत्तर : पाच नव्हे, बहुतेक एकच गेला असेल. हा त्या काळचा ठरलेला पाच व्हॉल्व्हचा सेट. त्यात १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ असतात. त्यांची फिलामेंट्स, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकामागे एक जोडलेली असतात. १२.६ तीनदा, अधिक ५०, अधिक ३५ अशी बेरीज जवळपास १२३ व्होल्ट होते, म्हणून ट्रान्सफॉर्मरशिवाय सेट थेट अमेरिकेतल्या ११७ व्होल्टच्या लाइनवर चालायचा. साखळीतलं एक फिलामेंट तुटलं की सगळे विझतात.

प्लग काढून व्हॉल्व्ह एकेक उपसा आणि मल्टिमीटरने ३ व ४ नंबरची पिन तपासा. पिना खालून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. थोडे ओहम दाखवले तर फिलामेंट शाबूत, काहीच दाखवलं नाही तर तोच गेलेला. बऱ्याचदा तो ३५डब्ल्यू४ निघतो. डायलचा दिवा (४७ नंबर, ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपियर) याच व्हॉल्व्हच्या फिलामेंटच्या एका भागाला समांतर असतो. दिवा गेला की सगळा प्रवाह त्या भागावर येतो आणि थोड्या दिवसांत तोही जळतो. म्हणून व्हॉल्व्हबरोबर दिवाही बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट लाइनला जोडलेली असू शकते. नॉब निघालेला असेल किंवा मागचा पुठ्ठा नसेल तर शॉक जिवावर बेतू शकतो. त्यामुळे दुरुस्ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला लाइनपासून वेगळं ठेवणारा) लावूनच करायची. २३० चे ११० करणारे बाजारातले बरेचसे कन्व्हर्टर ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण लाइनपासून वेगळं करत नाहीत. घेताना दोन्ही वाइंडिंग (तारेच्या गुंडाळ्या) स्वतंत्र आहेत ना, हे विचारून घ्या.

व्हॉल्व्ह बदलूनही जोराची घरघर आली तर फिल्टर कंडेन्सर सुकलाय. मूळचा बहुधा ५० आणि ३० मायक्रोफॅरडचा, १५० व्होल्टचा असतो. त्याजागी ४७ आणि ३३, १६० व्होल्टचे चालतात. मेणाचे कागदी कंडेन्सर तर चांगले दिसले तरी काढाच. १२एव्ही६ आणि ५०सी५ यांच्यामधला गळका निघाला तर आवाज फाटतो आणि ५०सी५ तापून मरतो.

त्रिकोण नागरी संरक्षणाचे आहेत. १९५१ मध्ये अमेरिकेने कॉनेलरॅड योजना आणली. हवाई हल्ल्याच्या वेळी इतर प्रक्षेपण थांबवून फक्त ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर सूचना द्यायच्या, म्हणजे शत्रूच्या विमानांना एखाद्या केंद्राचा माग धरून शहर गाठता येऊ नये. १९५३ ते १९६३ मधल्या सेटवर ही खूण असते. सेटचं वय ठरवायला तिच्याइतका सोपा पुरावा नाही.

प्रश्न : आरसीए कंपनीचा ४५ चा (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्या एकामागून एक वाजवणारा) रेकॉर्ड चेंजर ११० व्होल्टच्या कन्व्हर्टरवर लावला. चालतो, पण गाणी रडकी, जाड आवाजात ऐकू येतात.

उत्तर : कन्व्हर्टर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. चेंजरची मोटर अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी बनवलेली आहे. ५० हर्ट्झवर ४५ फेऱ्यांच्या ३७.५ होतात आणि सूर सुमारे तीन पट्ट्या खाली उतरतात (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून). दोन उपाय आहेत. पहिला, ६० हर्ट्झचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर. दुसरा, मोटरच्या शाफ्टवर पितळी बुश (छोटी नळी) बसवून त्याचा व्यास मूळच्या १.२ पट करणे, म्हणजे ५ मिलिमीटरचा असेल तर ६. लेथवर बुश नेमका मध्यावर धरला गेला नाही तर सूर लाटेसारखा हलतो. शेवटी टर्नटेबलवर कागदाची चिठ्ठी चिकटवून मिनिटात ४५ फेऱ्या मोजा.

मोटर आणि टर्नटेबल यांच्यामधलं रबरी चाक कडक झालं असेल तरी वेग पडतो. ते स्पिरिटने पुसा, मात्र शेलॅकच्या (लाखेच्या), मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना स्पिरिट कधीच लावू नका, शेलॅक त्यात विरघळतं. रेकॉर्ड अर्ध्यावर अडकून खाली पडत नसेल तर जुनं ग्रीस सुकून गोंद झालंय. ते पूर्ण खरवडून नवं लावा. नुसतं तेल सोडलं तर ते रबरावर उतरतं आणि चाक घसरायला लागतं.

१९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ आणली तेव्हा तिला दीड इंचाचं भोक ठेवलं, ते या चेंजरसाठीच. रेकॉर्ड एकेक सोडणारी यंत्रणा त्या जाड स्पिंडलच्या (मधल्या खांबाच्या) पोटात मावते. लेबलचा भाग उंच असल्याने थप्पीतही चरा एकमेकींवर घासत नाहीत. इतकी नेटकी रचना फार थोड्या यंत्रांत दिसते, म्हणून ती फेकून नवा टर्नटेबल घ्या, असं आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : व्ह्यू-मास्टरच्या (डोळ्यांना लावून उठावदार चित्रं बघायच्या खेळण्याच्या) काही चकत्या लालसर झाल्यात, त्यांच्याहून जुन्या मात्र टवटवीत आहेत. लाली घालवता येईल?

उत्तर : नाही, फिल्ममधला निळा रंगच उडालेला आहे. व्ह्यू-मास्टर बनवणाऱ्या सॉयर्स कंपनीच्या चकत्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर असत आणि अंधारात ठेवल्या तर कोडाक्रोम दशकानुदशकं टिकते. १९६६ मध्ये गॅफ या दुसऱ्या कंपनीने सॉयर्स विकत घेतली, पुढे फिल्म बदलली आणि त्या चकत्या लाल पडू लागल्या. विकत घेताना लिफाफ्यावरच्या नावावर जाऊ नका, उजेडासमोर धरून चित्रातलं आकाश बघा.

सात दृश्यांची १४ चित्रं, म्हणजे समोरासमोरची दोन मिळून एक दृश्य. त्यामुळे एकाच चित्रावर धूळ असली तरी ती डोळ्यासमोर तरंगल्यासारखी दिसते. हवेच्या फुग्याने उडवा. पाणी नको, पुठ्ठा फुगतो आणि चकती खाचेत अडकते. वाकलेली चकती दोन कोऱ्या कागदांमध्ये, जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवा. तिरकी असताना दांडा जोराने ओढला तर कडेची भोकं फाटतात आणि मग चित्र मध्यावर थांबत नाही.